भास्कर, ठराव सर्वानुमते नव्हता

भास्कर, तू गेल्यावर आठ दिवसांनी ग्रामसभेत तुझा शोकप्रस्ताव मांडला. सूचक मी, अनुमोदक अख्खं गाव. शाळेच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. कांद्याला भाव आला की पिंपळगावच्या बाजारात ट्रॅक्टरांची जशी रांग लागते, तशी माणसांची रांग पार वेशीपर्यंत होती. बरं, वेशीपर्यंत नसेल, पिठाच्या गिरणीपर्यंत होती. तू मध्येच टोकशील म्हणून आधीच कमी करून सांगतो. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. भाऊसाहेबांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकानं, प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. आणि मला हसू फुटलं. शोकसभेत सरपंच हसला, ही बातमी आता विंचूरपर्यंत गेली असेल. पण काय करू? माझ्या सगळ्या कारकिर्दीत खरोखर सर्वानुमते झालेला हा पहिला ठराव, आणि तो तू मेल्याचा!

आपल्या गावाची रीत तुला काय सांगायची. पण नोंद पूर्ण असावी असं तूच म्हणायचास, म्हणून सांगतो. ठराव गटारीचा असो की अंगणवाडीच्या पत्र्याचा, वहीत शेवटचे शब्द ठरलेले. लोकांनी हात वर करायच्या आधीच भाऊसाहेबांचं लिहून झालेलं असायचं. कोणी कुरकुरला तर चहा पाजून बसवायचा. गावात दोन मतं आहेत हे बाहेर दिसलं तर गावाची अब्रू जाते, असं आपल्या बापजाद्यांपासून चालत आलंय. मी तर त्याचा झेंडाच केला होता. तालुक्याला गेलो की सांगायचो, आमच्या गावात कोंबडासुद्धा सर्वानुमते आरवतो.

आणि तू? तू प्रत्येक सभेत मागच्या रांगेतून बोट वर करायचास, वर्गात पोरानं पाणी प्यायला जायची परवानगी मागावी तसं. चारचौघांत मला कधी बाळ्या म्हणाला नाहीस.

"सरपंच, मोजले का?"

"काय मोजायचं?"

"हात."

"अरे, दिसत नाही का सगळ्यांचे वर आहेत ते?"

"मग मोजायला काय हरकत हाय?"

लोक हसायचे. तूही हसायचास. पण बसायचा नाहीस.

तुला ही खोड अंबडला लागली. तू तिथं कारखान्यात लेथवर टर्नर होतास तेव्हाची गोष्ट. कंपनीची बस हायवे सोडून आपल्या फाट्याकडे वळायची, म्हणून बाकीच्यांना घरी पोचायला दहा मिनिटं उशीर व्हायचा. युनियननं मतदान घेतलं. तुम्ही फाट्यावर उतरणारे सात, ते दोनशे. बस वळायची बंद झाली आणि तुम्ही हायवेवरून तीन किलोमीटर चालत यायला लागलात. तू सांगायचास तीन. मी सांगताना सात करायचो आणि मध्ये एक बिबट्या घालायचो. पुढचं मात्र मला कधी वाढवावं लागलं नाही. तू युनियनची नियमांची पुस्तिका वाचून काढलीस. त्यात होतं की सभासदाची लेखी हरकत सभेत वाचून दाखवल्याशिवाय ठराव पक्का होत नाही. तू हरकत लिहिलीस आणि ती वाचावी लागली. वाचल्यावर दोनशेपैकी कोणीतरी म्हणालं, 'च्यायला, हे लोक रोज चालत जातात हे माहीतच नव्हतं.' महिनाभरात बस पुन्हा वळायला लागली. तू म्हणायचास, ते दोनशे लोक वाईट नव्हते रे बाळ्या, त्यांना फक्त कोणी ऐकवलं नव्हतं.

आता त्या दिवसावर येतो. इतका वेळ इकडचं तिकडचं बोललो, ते तिथं यायचं टाळत होतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

महिन्यापूर्वीची ग्रामसभा. विषय, द्राक्षांचं पॅकिंग शेड. व्यापारी गावात शेड टाकायला तयार होता. आपल्या बाया पहाटे टेम्पोत उभ्या राहून पिंपळगावला जातात, त्यांना गावातच काम मिळणार होतं. मी काही राक्षस नव्हतो, भास्कर. त्या सभेत बायांनी जो हात वर केला तो खोटा नव्हता. जागा ठरली ओढ्याकाठची, सहा गुंठे. कागदावर गायरान. पण गोसाव्यांची तीन घरं पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं तिथंच ठेवत आलीत. आपल्यासारखं जाळत नाहीत ते. माणूस गेला की मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरतात आणि माती लोटून समाधी देतात. सातबाऱ्यावर याचा एक शब्द नाही.

गिरीबुवा उभा राहिला. महादेवाच्या देवळाची पूजा करणारा, गावाच्या भिक्षेवर बापाला जगताना पाहिलेला माणूस. म्हणाला, "सरपंच, गावाच्या बाहेर आम्ही नाय. फक्त आमची माणसं तिथं हायेत, एवढं बघा." तेवढंच बोलला आणि बसला.

आणि मी काय केलं? विनोद केला. "बुवा, आम्ही मेल्यावर आडवे होतो, तुम्ही मेल्यावरही बसूनच! अरे, आता तरी पाय लांब करा. गावाची स्मशानभूमी आहे, शेड आहे, लाकूड मी देतो." पटांगण हसून हसून लोळलं. मी आयुष्यात केलेल्या विनोदांत सगळ्यात जास्त टाळ्या पडलेला विनोद तो. गिरीबुवाही हसला, भास्कर. हसावं लागतं म्हणून माणूस हसतो ना, तसा हसला. तू एकटा नाही हसलास.

मग मी म्हटलं, हात वर. झाडून सगळे वर. गोसाव्यांचे हात मांडीवर, ना वर ना खाली. विरोधात कोण? तुझं बोट नव्हे, अख्खा हात वर गेला. कोपर सरळ, टर्नरचा हात, झेंड्याच्या काठीसारखा. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा, सर्वानुमते.

"एक विरोध लिहा," तू म्हणालास.

"एकासाठी अख्ख्या गावाचा शब्द खराब करायचा का?"

"शब्द नको, आकडा लिहा."

"भास्कर, तुझं त्या जागेत काय पुरलंय?"

तू उठून गेलास.

त्यानंतर चार दिवसांनी आपली पाण्याची पाळी होती. तू येणार नाहीस असं वाटलं होतं, पण तू फावडं घेऊन माझ्या आधीच चारीवर बसलेला. कालव्याच्या या चारीचं तोंड म्हणजे हेड. अगदी शेवटाला, टेलला, माझं रान. त्याच्या अलीकडे तुझं. तंबाखू मळत तू विचारलंस, "बाळ्या, पाणी पहिल्यांदा तुला का मिळतं?"

"कारण मी सरपंच हाय."

"सरपंच नव्हतास तेव्हा?"

"तेव्हा मी देखणा होतो."

"नीट सांग."

"नियम हाय. पाळी टेलपासून सुरू होते, हेडला संपते."

"हेडला शेतकरी किती?"

"लय."

"आणि टेलला?"

"आपण चार-पाच."

"मग असं करू. दर पाळीला हात वर करून ठरवू, पाणी आधी कोणाला. बहुमत. सर्वानुमते लिहून टाकू."

मी फावड्यानं ढेकळं फोडत बसलो. यावर मी विनोद केला नाही हे वाचून गावातले लोक हा लेख खोटा म्हणतील, पण नाही केला. कारण नियम व्हायच्या आधी माझ्या बापाचं रान कसं होतं ते मला आठवतं. पाणी यायचं ते आमच्यापर्यंत फक्त ओल होऊन यायचं. शेवटी मी म्हटलं, "पण तो नियमसुद्धा आपण सगळ्यांनी हात वर करूनच केला ना? म्हणजे ते पण बहुमतच!"

तुला हाच प्रश्न हवा होता. तुझे डोळे असे चमकले की मला वाटलं, फसलो.

"केला. पण पाणी सुटायच्या आधी केला. आणि हेडवाल्यांनी हात का वर केला? ज्याचं एक रान हेडला त्याचं दुसरं कुठल्यातरी चारीच्या टेलला असतंच. राज्यघटना म्हणजे तरी दुसरं काय रे? कारभार बहुमतानं करा, पण काही गोष्टींना बहुमताचा हात पोचू नये, हे तहान लागायच्या आधी लिहून ठेवलं. आज तू मोठ्या घोळक्यात हायस. उद्या कुठल्या टेलला असशील, तुला माहीत हाय का?"

"आणि समजा," मी म्हटलं, "अख्ख्या गावानंच ठरवलं की हा नियमच नको, तर?"

"मग..." तू म्हणालास, आणि चारीत पाण्याची जीभ आली. "पाणी आलं, ऊठ, ऊठ!" म्हणून तू फावडं घेऊन पळालास. पाच मिनिटांत दोघं गुडघाभर चिखलात. ते 'मग' तिथंच राहिलं.

पुढच्या गुरुवारी तू सकाळी चहाची कपबशी घेऊन अंगणात बसलास आणि उठलाच नाहीस. कमलवहिनी म्हणाल्या, कप कलंडला नव्हता, बशीत सरळ ठेवलेला होता. तुझी सगळी कामं अशी नीट. पण ते 'मग' अर्धं टाकून गेलास. मी ते पुरं करायचे शंभर प्रयत्न केले. मोटर चालू करताना, दाढी करताना, शेजाऱ्याच्या लग्नात अक्षता टाकताना. मग काय? मग कोर्ट? मग भांडण? मग एकट्यानं उभं राहायचं? तुला उत्तर माहीत होतं की पाणी आलं म्हणून तू सुटलास? खरं सांग. आता तरी सांग.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी तहसीलचं पत्र आलं. तू ठरावाविरुद्ध अर्ज केला होतास, मरायच्या आठ दिवस आधी. मला न सांगता! पत्र हातात घेतल्यावर मी तुला ज्या शिव्या दिल्या त्यांतली एकही इथं छापता येणार नाही. अरे, एका ताटात जेवलो, एकाच मास्तरांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आणि तू माझ्यामागे अर्ज करतोस? भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "सरपंच, विचारलंय की ठरावाला कोणाची हरकत होती का. आपण लिहू, हरकत नव्हती. आणि अर्जदार मयत असल्यानं अर्ज निकाली काढावा. तुम्ही फक्त सही करा." असं गुळगुळीत वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तू मेलास हे माझ्या सोयीचं झालं होतं. सोयीचं! पेन माझ्या हातात होतं. तोपर्यंत मी तुझा अर्ज वाचलाही नव्हता. सोबत त्याची प्रत जोडलेली, ती सही करायच्या आधी सहज उलटली.

तुझं ते टर्नरचं अक्षर, एक एक मोजून कापलेलं. जागेचं, समाध्यांचं, गोसाव्यांना वेगळं ऐकून घ्यावं या विनंतीचं, सगळं सरळ लिहिलंस. आणि माझ्याविषयी एकच ओळ: 'ठरावाच्या नोंदीत सर्वानुमते हा शब्द सरपंचांच्या नजरचुकीने आला आहे.'

नजरचुकीने. भास्कर, माझ्या डोळ्याला डोळा लावून तू हात वर धरला होतास. नजरचूक कसली? तू मला पळायला वाट ठेवलीस. आयुष्यभर मी थापा मारल्या आणि तू त्या छाटल्यास. तुझ्या हातून कागदावर एकच थाप उतरली आणि ती माझ्यासाठी. मी सही केली नाही. भाऊसाहेबांना म्हटलं, उद्या या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या आधी गिरीबुवा आला, त्याच्या आईला घेऊन. म्हातारी गावाच्या अंदाजानं एकशे दहा वर्षांची, कागदावर नव्वद. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "सरपंच, तुमच्या शेडमधी मला कुठं बसवणार? द्राक्षांच्या क्रेटशेजारी?"

"आई, असं काय बोलता?"

"माझं जाऊ द्या. मला जाळा, पुरा, वड्यात फेका. माझे मालक तिथं बसलेत चाळीस वर्षं. त्यांना उठवणार कोण? तुमीच या, सरपंच. लय गोड बोलता तुमी. तुमचं ऐकून उठले तर उठतील."

गिरीबुवा घाबरून "आई, आई" करायला लागला. ज्याच्या घरात गावाच्या दाराचं पीठ शिजलं, तो सरपंचाच्या ओट्यावर किती मोठ्यानं बोलणार? त्या दिवशी त्याचा हात मांडीवर का होता, ते मला तेव्हा समजलं. तुझा हात वर जाऊ शकत होता, कारण तुला गावाकडून काही नको होतं. त्याला रोज लागतं.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. तुलाही नाही. तुला माहीत होती का? पाण्याच्या टाकीमागं गायरानाची तेवढीच जागा आहे. रस्त्याला लागून, ओढ्यापेक्षा बरी. ती सभेत पुढे आलीच नाही, कारण तिथं माझा गोठा आहे आणि ट्रॉलीची शेड आहे. अतिक्रमण म्हण, काय म्हणायचं ते म्हण. व्यापाऱ्याला मी ओढ्याकाठची जागा दाखवली आणि टाकीवरून नेताना गाडी जोरात नेली. बहुमत, बहुमत म्हणून मी जे नाचवत होतो, त्याच्या मागं माझ्या चार म्हशी बांधलेल्या होत्या. तू अर्जात टाकीचं नाव घेतलं नाहीस. माहीत नव्हतं की झाकलंस? हे विचारायला तुझ्याशिवाय दुसरा माणूस नाही, आणि मला झोप लागत नाही.

भाऊसाहेब आले तेव्हा मी उत्तर लिहून ठेवलं होतं, माझ्या हातानं. 'ठरावाला एक हरकत होती. ती नोंदवू नये असे मीच सांगितले. ही नजरचूक नव्हती.' भाऊसाहेबांनी तीनदा वाचलं. "सरपंच, पद जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या, म्हशी सांभाळीन. म्हशी कुठं बांधीन ते मात्र तेव्हा सांगितलं नाही.

काल पुन्हा ग्रामसभा घेतली. सगळं उभ्यानं सांगितलं, गोठ्यासकट. भास्कर, त्या सभेचं वर्णन करायला मला काही वाढवायची गरज पडत नाही, असं पहिल्यांदाच घडतंय. कोणी म्हणालं सरपंच विकला गेला. कोणी म्हणालं मित्र मेल्यानं डोक्यावर परिणाम झाला. माझ्या चुलतभावानं चप्पल हातात घेतली होती, फेकली नाही, नवी होती. एक बाई उठली, तीच जी टेम्पोतून पिंपळगावला जाते. "आमचं काम बुडवून तुम्ही आता साधू झाले व्हय?" मी म्हटलं, "काम बुडणार नाय. टाकीमागं करू. गोठा मी उद्या मोडतो." ती म्हणाली, "मग आधी का नाय सांगितलं?" तिनं ते सगळ्यांसमोर मला दोनदा विचारलं.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मोजा आता हात! लय हौस हाय ना मोजायची!"

मोजले. पहिल्यांदा या गावात हात मोजले गेले, भास्कर. भाऊसाहेब रांगेरांगेनं बोट दाखवत फिरले. ओढ्याकाठीच शेड व्हावं, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. व्यापाऱ्यानं ती जागा पाहिलीय, आता बदल नको, म्हणून काही. माझा राग आला म्हणून काही. मी हरलो. विरोधात कोण, विचारल्यावर मी हात वर केला. कमलवहिनींनी केला, पदर सावरून, खाली बघत. टेम्पोवाल्या बाईनं माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहत केला. एवढेच. भाऊसाहेब आकडा लिहायला वाकले.

तेवढ्यात गिरीबुवाचा हात मांडीवरून उठला. डोक्यापर्यंत नाही आला, खांद्यापर्यंतच. शेजाऱ्याला दिसेल न दिसेल असा. तो स्वतःच्याच हाताकडे बघत होता, हा कोणाचा म्हणून. सभेत कोणीतरी म्हणालं, "बुवा, खाली घे, खाली घे." हात खाली आला नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "सरपंच, हा धरायचा का? पूर्ण वर नाही."

मी म्हटलं, "धरा. नाव घालून लिहा."

तहसीलला सुनावणी बुधवारी आहे. वहीची नक्कल जोडली आहे: बहुमताने मंजूर, विरोधात चार, चारही नावं. साहेब काय ठरवतील, मला माहीत नाही. गिरीबुवा विचारत होता, आईला मोटरसायकलवर न्यावं का, एवढं अंतर झेपेल का. मी म्हटलं, माझी गाडी आहे. म्हातारी पुढच्या सीटवर, तुम्ही मागं. तिनं निरोप पाठवलाय, सरपंचाला म्हणावं तिथं गोड बोलू नका, मी बोलते.